शंभर-दीडशे नगांच्या मालात पार्टचे पैसे वाचवावेत की आपले तास?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. समजण्यात काही चूक असेल तर पुढचा सगळा हिशेब चुकेल, म्हणून.

आर्णी तालुक्यात तुमचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि जोडीला तुम्ही शेतातल्या मोटारीसाठी मोबाईल स्टार्टर बनवता. घरून मिस्ड कॉल दिला की वावरातली मोटार सुरू, दुसरा दिला की बंद. गेल्या वर्षी ७० नग गेले, यंदा शंभर ते दीडशे जातील असा अंदाज आहे. पेटीत तयार नॅनो बोर्ड (प्रोग्राम चालवणारा छोटा कंट्रोलर), सिम८००एलचं तयार मॉड्यूल (सिम घालून कॉल घेणारा जीएसएमचा भाग), तयार रिले बोर्ड (सर्किटच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) आणि एक छोटा एसएमपीएस (मेनवरून कमी व्होल्टचा डीसी देणारा पॉवर सप्लाय), सगळं वायरींनी जोडलेलं. पार्टचा खर्च १,८५० रुपये, विक्री ४,५००. पुण्यात नोकरीला असलेला तुमचा मित्र म्हणतो की तयार बोर्ड घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं आहे; एसटीएम३२ ही कंट्रोलरची सुटी चिप घे, सगळं एका बोर्डावर आण, नगामागे ३१० रुपये वाचतील. ते करावं का, हा तुमचा प्रश्न. आणि अगदी शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की ७० पैकी ११ नग परत आले, त्यातल्या सहांचा पॉवर सप्लाय जळाला होता.

माझं उत्तर: तो एका बोर्डाचा खटाटोप आत्ता करू नका. तुमचा खरा खर्च त्या शेवटच्या ओळीत आहे.

मी वर्ध्याकडचा. बावीस वर्षं हेच काम करतोय: पंपाचे कंट्रोलर, ग्रामपंचायतीच्या टाक्यांचे लेव्हल कंट्रोल, रानडुकरं आणि रोह्यांसाठी झटका मशीन, जिनिंगमधली छोटी पॅनेलं. कोणत्याही मालाचे वर्षाला वीसपेक्षा कमी आणि चारशेपेक्षा जास्त नग मी क्वचितच केले. त्यामुळे मी सांगतो ते याच आकाराच्या धंद्याला लागू आहे. हजारोंचा माल काढणाऱ्याचा हिशेब निराळा असतो आणि तुमचा मित्र बहुधा तिथलंच गणित तुम्हाला सांगतोय. त्याचं चुकलेलं नाही. वर्षाला लाखभर नग निघत असतील तर नगामागे दहा रुपये वाचवायला दोन इंजिनिअर सहा महिने बसवले तरी परवडतं. आपल्याकडे तेच दहा रुपये म्हणजे वर्षाला हजार-दीड हजार.

आता आकडे टाकू. एका बोर्डाचं काम किती तासांचं आहे? सर्किट आणि बोर्डाची आखणी ६० तास. नॅनोवरचा प्रोग्राम एसटीएम३२वर नेणं १२० तास. "तोच कोड थोडा बदलून" असं प्रत्येकाला वाटतं, पण टायमर वेगळे, सिरीयल वेगळं, वॉचडॉग वेगळा, ईईप्रॉमच्या जागी फ्लॅशमध्ये नंबर साठवायचे. टेबलावरची चाचणी ८० तास. चार-पाच वावरांत लावून बघणं ६० तास. पार्ट शोधणं, मागवणं, चुकीचे आले तर परत करणं ३० तास. झाले ३५० तास. पहिल्यांदाच करत असाल तर हा आकडा मला कमीच वाटतो. दुकानात तुम्हाला तासाला दोनशे रुपये सुटतात असं धरलं तर ७०,००० झाले. नमुन्याचे बोर्ड तीनदा मागवावे लागतील, कारण पहिला चुकतो, दुसऱ्यात पहिल्याची चूक सुधारते आणि तिसरा चालतो. त्याचे पार्टसकट १५,०००. स्टेन्सिल, हॉट एअर, प्रोग्रामर वगैरे ८,०००. एकूण ९३,०००.

त्याला ३१०ने भागा. ३०० नग येतात. वर्षाला १२० नग धरले तर अडीच वर्षं तुम्ही फक्त घातलेला खर्च काढत राहाल. त्यानंतर पहिला रुपया सुटायला लागेल, तोही तोवर त्या बोर्डात काहीच बदलावं लागलं नाही तर.

इथे नेहमी एक उत्तर येतं: "पण माझे तास फुकटच आहेत, मी रात्री बसतो." मीही कितीतरी वर्षं हेच म्हणायचो. रात्रीचे तास फुकट नसतात, ते फक्त बिलावर दिसत नाहीत. तेच तास दुसरीकडे लावले तर काय मिळतं ते बघा. तुमच्या स्टार्टरमध्ये ड्राय रनची, म्हणजे कोरडी चालणारी मोटार थांबवायची सोय नाही, असं तुम्हीच लिहिलंय. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चात विहिरी तळाला जातात, मोटार कोरडी चालते आणि जळते. एक छोटा सीटी (तारेतला करंट मोजणारा पार्ट), दोन-तीन इतर पार्ट, मिळून ६० रुपये. पाणी संपलं की मोटारीचा करंट खाली येतो, तो ओळखून मोटार बंद करायची आणि मालकाला मेसेज पाठवायचा. हा प्रोग्राम ६० तासांचा आहे. १२,००० रुपये धरा. यासाठी शेतकरी ५०० रुपये जास्त देतो, मी स्वतः घेतलेत. वाइंडिंग भरायला काय लागतं ते त्याला पक्कं माहीत असतं. नगामागे ४४० सुटले म्हणजे २७-२८ नगांत खर्च निघाला. तिकडे ३०० नग, इकडे २८. तुमची मेहनत तीच, माणूस तोच. थोड्या नगांच्या मालात तास खर्च करायचेच असतील तर पार्टचा खर्च कमी करण्यापेक्षा मालाची किंमत वाढेल अशा ठिकाणी ते बहुतेक वेळा लवकर फिटतात.

मित्राच्या त्या ३१० रुपयांवरही माझा पूर्ण विश्वास नाही. वेबसाईटवर चिपचा जो भाव दिसतो तो बहुतेकदा हजार नगांचा असतो. तुम्ही दीडशे घेणार. त्यावर वाहतूक, जीएसटी, आणि ज्या पार्टची किमान मागणी पाचशे आहे तिथे साडेतीनशे कपाटात पडून राहणार. एसटीएम३२च्या नावाखाली दुसऱ्याच कंपनीच्या चिपा भरपूर फिरतात, त्यातल्या काही जवळपास तशाच चालतात आणि "जवळपास"मध्येच आपले चार दिवस जातात. २०२१-२२मध्ये चिपांचा तुटवडा पडला तेव्हा याच घराण्यातली सगळ्यात लोकप्रिय चिप कित्येक पट महाग झाली होती, मिळतही नव्हती. माझ्या ओळखीच्या एकाने त्या वर्षी ऐन हंगामात बोर्ड नव्याने आखला. तयार मॉड्यूल वापरणाऱ्यांनाही भाव वाढवून द्यावा लागला, पण त्यांना नव्याने काही आखावं लागलं नाही.

हे झालं पार्ट आणि तासांचं. तिसरा खर्च चकरांचा, आणि आपल्या भागात तोच सगळ्यात मोठा.

तुमची एक चक्कर मोजा. गिऱ्हाईक ३५ किलोमीटरवर आहे, जाऊन-येऊन ७०. पेट्रोलचे दीडशे. वावर गावापासून आत, पावसाळ्यात गाडी धुऱ्यापर्यंतही जात नाही, मग चालत. लाइन असेल तरच तपासता येतं आणि शेतीची लाइन आठवड्याच्या पाळीप्रमाणे येते, कधी रात्रीची. सकाळी पोहोचलात आणि पाळी रात्रीची निघाली तर दुसरी चक्कर. चार तास दुकान बंद, म्हणजे आठशे गेले. एक चक्कर साडेनऊशेला पडते. ११ नगांचे साडेदहा हजार. ७० नगांवर वाटले तर नगामागे १५० रुपये. आणि हे फक्त पहिल्या वर्षाचं. ते ७० नग अजून वावरातच आहेत, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बोलावतील, त्यात यंदाचे १२० वाढतील. पार्टचा खर्च एकदा होतो, चकरांचा खर्च विकलेल्या प्रत्येक नगासोबत साठत जातो.

हे मी स्वतः भोगलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. २०११मध्ये मी गावातल्या पाण्याच्या टाकीसाठी लेव्हल कंट्रोलर बनवत होतो. त्यात लोखंडी ट्रान्सफॉर्मर होता, ८५ रुपयांचा. त्याच्या जागी कपॅसिटरचा सप्लाय टाकला: ०.६८ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर मेनच्या वाटेत सिरीजमध्ये, पुढे ब्रिज, पुढे झेनर. २५ रुपयांत काम झालं, नगामागे ६० वाचले आणि पेटीही लहान झाली. २३० व्होल्टला त्यातून सुमारे ४५ मिलिअँपिअर मिळतात. रिलेला ३० लागायचे, बाकी सर्किटला आठ. टेबलावर महिनाभर चालवलं, उत्तम चाललं. १४० नग विकले, ८,४०० रुपये वाचले म्हणून खूश होतो.

दुसरा पावसाळा संपता संपता फोन सुरू झाले. "मोटार सुरू होते अन् लगेच पडते." "रिले टरटर वाजतो." पहिला नग उघडला तर काहीच जळलेलं नाही, काळं पडलेलं नाही, सोल्डर चकचकीत. दोन दिवस मी प्रोग्राममध्ये चूक शोधत होतो. मग सहज तो कपॅसिटर काढून मीटरला लावला. वर ०.६८ छापलेलं, मीटरवर ०.४१. अशा कपॅसिटरच्या आत प्लास्टिकच्या फितीवर धातूचा अतिशय पातळ थर असतो. विजेचा झटका आला की जिथे इन्सुलेशन फुटतं तिथला थर उडून जातो आणि कपॅसिटर स्वतःला सावरतो; म्हणूनच तो जळत नाही. पण दर झटक्याला थोडी थोडी धारणक्षमता जाते. आपल्याकडच्या दोन पावसाळ्यांत असे झटके किती येत असतील, कोण मोजणार! ०.४१ला करंट उरतो २७च्या आसपास. सर्किटने आठ घेतले की रिलेला १९. तो ओढायला साडेबावीस तरी लागतात. त्यात संध्याकाळी गावात व्होल्टेज १९०वर आलं की संपलंच.

३१ नगांसाठी चकरा मारल्या. प्रत्येकात परत ८५चा ट्रान्सफॉर्मर बसवला, पेटी लहान केली होती म्हणून तो बाहेरून पत्रा ठोकून लावावा लागला. ८,४०० वाचवायला गेलो आणि २० हजारांवर घालवले. एका ग्रामपंचायतीत ऐन लग्नसराईत दोन दिवस नळाला पाणी नव्हतं. तिथल्या सरपंचबाईंनी मला एक शब्द वाकडा बोलला नाही, चहा दिला, पण पुढचं काम दुसऱ्याला दिलं. त्यांचं बरोबरच होतं.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. कुठलाही पार्ट स्वस्त करताना दोन प्रश्न विचारतो: हा गेला तर मला गाडी काढावी लागेल का? आणि त्याच्या वाट्याला ऊन, पाऊस, वीज यातलं काय येतं? दोन्हींचं उत्तर वाईट असेल तर तिथे भाव करत नाही. पेटीच्या आत सुरक्षित बसणाऱ्या एलईडीचा, स्पेसरचा, स्टिकरचा हवा तेवढा भाव करा.

आता तुमचे ते सहा सप्लाय. तुम्ही फेज आणि न्यूट्रल कुठून घेता ते लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावर अवलंबून आहे. बहुतेक ठिकाणी मोटारीपर्यंत तीनच तारा येतात. न्यूट्रल म्हणून कोणी अर्थिंगची तार वापरत असेल तर ते आधी थांबवा, त्यात माणूस जाऊ शकतो. खरा न्यूट्रल आणला असेल तर तो कुठेतरी सैल होतो किंवा तुटतो, आणि मग तुमच्या २३० व्होल्टच्या सप्लायवर तीनशे, साडेतीनशे, कधी पूर्ण ४१५ व्होल्ट येतात. अशा एसएमपीएसच्या तोंडाशी ४०० व्होल्टचा कपॅसिटर असतो. २३० व्होल्ट एसीचे डीसीत ३२५ होतात, तिथवर ठीक. ३०० व्होल्ट एसीचे ४२४ होतात. तिथेच तो फुटतो.

मी काय करतो: न्यूट्रलचा नादच सोडून दिला. दोन फेजमधून ४४० व्होल्टचा लोखंडी ट्रान्सफॉर्मर, दुसऱ्या बाजूला १५ व्होल्ट. बारा नाही, पंधरा. कारण आपल्याकडे फेज-टू-फेज व्होल्टेज ३००पर्यंतही पडतं, तेव्हा बाराच्या ट्रान्सफॉर्मरमधून एसी आठच मिळतात आणि पुढच्या रेग्युलेटरला फारसा वाव उरत नाही. पंधराचा घेतला तर ३००लाही डीसी १३च्या आसपास राहतो, आणि रात्री लोड कमी होऊन ४८० झाले तरी २३ व्होल्टच होतात, पुढच्या रेग्युलेटरला ते सहज झेपतात. वजन वाढतं, किंमत ११० रुपये जास्त. पण लोखंड आणि तांबं विजेला घाबरत नाही. त्याच्या आधी फ्यूज आणि फेजमध्ये ५१० व्होल्टचे एमओव्ही (जादा व्होल्टेजचा झटका स्वतःवर घेणारा पार्ट), ज्यावर ८२१ असा आकडा छापलेला असतो. एकफेजी सप्लायला लागणारे ४७१वाले इथे लावू नका, ते साध्या ४१५लाच तापून फुटतील.

रेग्युलेटरसाठी, म्हणजे व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवायला, तुम्ही एलएम२५९६चं स्वस्त मॉड्यूल वापरत असाल. ते वाईट नाही, पण त्यावरची चिप खरी असेलच असं नाही. खरी १५० किलोहर्ट्झला चालते. नकली बऱ्याचदा ५०च्या आसपास, मग आउटपुटला लहर जास्त येते. दुकानात स्कोप असेल तर बघा. आणि सिम८००एल पाठवताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतं, नेटवर्क जितकं कमजोर तितकं जास्त जोर लावतं. टॉवरपासून लांबच्या वावरात मॉड्यूल आपोआप रीसेट होतं अशी तुमची तक्रार आहे, ती माझ्या मते याचीच. मॉड्यूलच्या पायांना चिकटून १,००० मायक्रोफॅरडचा चांगला लो-ईएसआर कपॅसिटर आणि सप्लायची वायर जाड नि आखूड. बारा रुपयांचं काम आहे.

कपॅसिटर १०५ डिग्रीचेच घ्या. यात दोन-तीन रुपयांचा फरक असतो आणि आपल्या उन्हात तो फार मोठा पडतो. ढोबळ नियम असा की तापमान दहा डिग्रीने उतरलं की कपॅसिटरचं आयुष्य दुप्पट होतं. मे महिन्यात बाहेर ४५-४६ असतं, उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत ६५ सहज. दोन हजार तासांचा, ८५ डिग्रीचा कपॅसिटर ६५ला आठ हजार तास टिकेल. वर्षाचे तास असतात ८,७६०. तेवढ्याच तासांचा १०५वाला टिकेल ३२ हजार. चोवीस तास काही ६५ नसतं, त्यामुळे प्रत्यक्षात दोन्ही जास्त टिकतात, पण दोघांतलं चौपटीचं अंतर तसंच राहतं.

अजून एक, तुम्ही विचारलं नाही पण लिहितोच. तयार रिले बोर्डावरच्या निळ्या रिलेवर २५० व्होल्ट एसी छापलेलं असतं, आणि आपण त्याने कॉन्टॅक्टरच्या (मोटारीच्या मोठ्या स्विचच्या) ४१५ व्होल्टच्या कॉइलची वीज तोडतो. चालतं, चालतं, आणि एक दिवस चिकटतं. चिकटलं की मोटार बंदच होत नाही. ४४० व्होल्टला चालणारा रिले घ्या आणि कॉइलवर स्नबर (ठिणगी दाबणारा पार्ट) लावा. हे सगळं मिळून, चांगले कनेक्टर धरून, नगामागे दोनशे-सव्वादोनशे वाढतील. चकरांचे नगामागे १५० तुम्ही आत्ताच भरताय, तेही दरवर्षी.

म्हणजे सगळे तयार बोर्ड वायरींनीच जोडत राहायचे का? तेही नाही. मधला एक रस्ता आहे आणि तुमच्या आकड्याला तोच बसतो. एक साधा दोन थरांचा बोर्ड आखा, ज्यावर कुठलीही बारीक चिप नाही. नॅनो त्यावर थेट सोल्डर होतो, रिले, त्याचा ट्रान्झिस्टर, डायोड, स्क्रू कनेक्टर, ऑप्टो सगळं त्याच बोर्डावर. तुम्ही लिहिलंय की एक पेटी वायरिंग करायला दोन तास जातात. असा बोर्ड केला तर पाऊण तासात पेटी बंद होते. सव्वा तास वाचला; मदतनिसाला तासाला १२० धरले तर १५० रुपये. बोर्डाचे ६० गेले, सुट्या रिले बोर्डाचे ४० वाचले. नगामागे १३० सुटतात. आखायला तीस तास, नमुने धरून साडेदहा हजार. ८१ नगांत फिटतं, म्हणजे याच हंगामात. शिवाय सैल वायर, उलटी लागलेली वायर, थरथरून निघालेला जंपर, हे प्रकार बंद. माझ्याकडे परत येणाऱ्या मालात एके काळी निम्मे दोष वायरींचेच असायचे. नॅनो सॉकेटमध्ये खोचून ठेवू नका, पावसाळी हवेत पिना गंजतात.

जीएसएमचा भाग मात्र वेगळा सुटा ठेवा, याचं कारण जरा महत्त्वाचं आहे. सिम८००एल फक्त टूजी आहे. जिओला टूजी नाहीच, आणि कितीतरी वावरांत जिओचीच रेंज असते. गिऱ्हाईक तुम्हाला आज ना उद्या फोरजीचं मागणार, बहुधा मागतही असेल. ए७६७० किंवा तसलं फोरजी मॉड्यूल महाग पडतं, आज्ञा बऱ्याचशा सारख्या असल्या तरी सगळ्या नाहीत, कॉल आणि डीटीएमएफचं (फोनच्या बटणांच्या सुरांचं) वागणं तपासून घ्यावं लागतं. घेताना त्या मॉड्यूलला डब्ल्यूपीसीची (दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेची) ईटीए मान्यता आहे का तेही बघा. समजा तुम्ही मित्राचं ऐकून टूजीसकट सगळं एका बोर्डावर पक्कं केलं असतं, तर पहिले ३०० नग जायच्या आतच तो बोर्ड टाकून द्यावा लागला असता. ज्या भागाचं आयुष्य आपल्या हातात नाही, मोबाईल कंपनीच्या हातात आहे, तो बदलता यायलाच हवा.

बाजाराचंही तसंच. "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेमुळे गावोगावी सौर पंप बसतायत. सौर पंपाला त्याचा स्वतःचा कंट्रोलर असतो, त्याला तुमचा स्टार्टर लागत नाही. आणि दिवसाच पाणी मिळालं तर रात्री अंधारात साप-विंचवाच्या भीतीने वावरात जायची वेळ येत नाही, जी तुमच्या मालाची सगळ्यात मोठी गरज होती. तुमच्या तालुक्यात हे किती वेगाने होतंय ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं दिसेल. म्हणून अडीच वर्षांनी फिटणारा खर्च मला धोक्याचा वाटतो. एका हंगामात फिटेल तेवढंच आत्ता घाला.

हंगामाचंही सांगतो. तुमचा माल दसरा ते डिसेंबर जातो, हरभरा-गव्हाच्या ओलिताच्या आधी. बोर्ड तीन आठवडे लांबला आणि दिवाळी हुकली तर वर्ष गेलं, मग ३१० वाचो की ६१०. कुठलंही नवीन आखायचं काम होळीनंतर सुरू करा आणि पोळ्यापर्यंत वावरात चाचणीला लावा. पावसाळ्याची वीज त्याला लागलीच पाहिजे. पोळ्यानंतर डिझाईनला हात लावू नका.

माझं उत्तर कशाने बदलेल तेही लिहून ठेवतो. एखाद्या विक्रेत्याने लेखी ऑर्डर देऊन वर्षाला हजार नग उचलायचं ठरवलं, आगाऊ पैसे दिले, तर ३१० रुपयांचे तीन लाख होतात. तेव्हा मित्राला बोलावून घ्या आणि एक बोर्ड कराच, पण तेव्हाही जीएसएम सुटं. पेटीचा आकार निम्मा केल्याशिवाय माल विकलाच जात नसेल, तर तेही कारण आहे. आणि तुम्हाला एसटीएम३२ शिकायचंच असेल तर जरूर शिका, मी स्वतः तसंच शिकलो. फक्त तो खर्च शिक्षणाचा म्हणून वेगळ्या वहीत लिहा, स्टार्टरच्या हिशेबात घालू नका.

उलट्या टोकालाही हाच विचार चालतो. अकोल्याच्या एका दालमिलला वाळवणाच्या पट्ट्यासाठी चार कंट्रोलर हवे होते. मी बोर्ड आखलाच नाही. बाजारातला छोटा पीएलसी (कारखान्यांसाठीचा तयार कंट्रोलर) घेतला, नग नऊ हजारांचा. माझा बोर्ड पार्टच्या हिशेबाने दीड हजारात झाला असता. पण चार नगांसाठी शंभर तास घालायचे, आणि रात्री दोनला बंद पडला तर फोन मलाच येणार. पीएलसी बिघडला तर त्यांचा वायरमन अकोल्यातूनच दुसरा आणून प्रोग्राम टाकू शकतो, मी त्याला ते शिकवून आलो. मालकाला पैसे जास्त लागले, पण मशीन थांबत नाही म्हणून त्याला ते पटलं.

आता एक काम करा. त्या सहा जळालेल्या सप्लायपैकी जे पडून असतील ते उघडा. इनपुटचा मोठा कपॅसिटर फुगला किंवा फुटला असेल तर न्यूट्रलचा घोळ आहे. एमओव्ही काळा होऊन चिरला असेल आणि कपॅसिटर ठणठणीत असेल तर वीज पडून आलेला झटका. दोन्ही शाबूत आणि आउटपुटचे कपॅसिटर वरून फुगलेले असतील तर उष्णता. कोणते किती निघतात ते मोजा, कुठल्या डीपीवरचे आहेत ते वहीत बघा, आणि जमलं तर फोटोसकट इथेच लिहा. सहाही एकाच डीपीवरचे निघाले तर तुमच्या मालात बदल करण्याआधी लाइनमनला भेटावं लागेल.